सुट्टीचा मेसेज

पाऊस दोन दिवस लागून राहिला की रात्री दहानंतर माझा फोन थांबत नाही. "साहेब, उद्या शाळा आहे का? ग्रुपवर कलेक्टरांचं पत्र फिरतंय, खरं का?" बहुतेक वेळा ते मागच्या वर्षीचं पत्र असतं, तारीख बदललेलं.

हे बोस्टनजवळ राहणाऱ्या मावसभावाला सांगितलं तर तो हसायला लागला. त्यांच्याकडे हेच बर्फाचं. सुट्टी मिळावी म्हणून पोरं रात्री पायजमा उलटा घालून झोपतात! पहाटे शाळेचा फोन आला की पोरं घसरगाडी घेऊन टेकडीवर आणि आईबाप फावडं घेऊन दारात. बुडालेला दिवस जूनमध्ये भरून काढायचा, ते वेगळंच.

मला ही लाडाची सुट्टी वाटायची. मग १८८८ सालचं वाचलं.

१२ जानेवारी १८८८, गुरुवार. अमेरिकेतला नेब्रास्का आणि डकोटाचा माळ. कडाक्याच्या थंडीनंतर त्या सकाळी जरा ऊब होती, म्हणून पुष्कळ पोरं जाड कोट न घालताच शाळेत गेली. आणि शाळा भरलेली असतानाच वादळ आलं. पिठासारखा बारीक बर्फ, स्वतःचा हात दिसेना. हवामान खातं तेव्हा लष्कराकडे होतं. थंडीच्या लाटेचा इशारा निघाला होता, पण माळावरच्या एकखोली शाळेत तो पोचवणार कोण? तिथं एकटी शिक्षिका, शेगडीत थोडंसं जळण. पोरं ठेवायची की सोडायची, विचारायला कुणी नाही. काहींनी बाकं जाळून पोरं धरून ठेवली. काहींनी घरी सोडली, त्यातली कित्येक वाटेतच गोठली. मिनी फ्रीमन नावाच्या कोवळ्या वयाच्या शिक्षिकेच्या शाळेचं छप्परच उडालं. तिनं सगळी पोरं जवळच्या घरापर्यंत सुखरूप नेली. अंदाजे २३५ माणसं गेली, त्यात शाळकरी मुलं फार. 'मुलांचं हिमवादळ' हे नाव पडलं ते त्यामुळं.

दोनच महिन्यांनी न्यूयॉर्क गाडलं गेलं. मोठं शहर ते, तारा जमिनीखाली घ्यायचं काम तिथं लगेच नेटानं सुरू झालं. पुढं न्यू इंग्लंडच्या गावांत सुट्टीसाठी पहाटे अग्निशमन केंद्राचा भोंगा वाजू लागला. मग रेडिओवर शाळांची यादी. कान लावून बसलेल्या पोरांची काय अवस्था होत असेल, कल्पना करा.

मध्यंतरी न्यूयॉर्कनं बर्फाची सुट्टीच काढून टाकली होती, त्या दिवशी घरून ऑनलाइन शाळा. १३ फेब्रुवारी २०२४ ला हे करायला गेले तर हजारो पोरांना लॉगिनच होईना! पोरांचं बर्फात खेळणं गेलं, आईबापांचा ताप मात्र राहिला. ज्यांचा रोज बुडतो त्यांना सुट्टी काय आणि ऑनलाइन काय, पोर कुठं ठेवायचं हाच प्रश्न. आपल्याकडं तर दुपारची खिचडीही बुडते.

काही वर्षांपूर्वी आपल्याच तालुक्यात ओढ्याच्या पुलावर पाणी आलं आणि पलीकडच्या वस्तीवरची पोरं शाळेत अडकली. हेडमास्तरांनी एकालाही सोडलं नाही. गावातून पिठलं-भाकरी आली, पोरं तिथंच झोपली. दुसऱ्या दिवशी बातमीसाठी गेलो तेव्हा गुरुजींनी काही न बोलता मोबाईल पुढं केला. सुट्टीचा मेसेज पावणेदहाचा होता. पोरं साडेसातला आली होती.