लेडी बायरनचें गृहीत

लग्नापूर्वीं स्वैर वागलेला पुरुष एकदां ताळ्यावर आला कीं त्याच्यासारखा पति नाहीं, अशी समजूत अठराव्या शतकांत इंग्लंडांत फार रूढ होती. रिचर्डसनच्या ‘पॅमेला’नें (१७४०) तिला खतपाणी घातलें, पुढें ‘क्लॅरिसा’च्या प्रस्तावनेंत त्यानेंच तिच्याविरुद्ध इशारा दिला. तो इशारा ॲनाबेला मिलबँकच्या उपयोगीं पडला नाहीं.

भूमिति आणि धर्मविचार यांत रमणाऱ्या या मुलीनें १८१२ सालीं कवि बायरनची मागणी नाकारली. कॅरोलाइन लॅम या विवाहित स्त्रीशीं असलेलें त्याचें प्रकरण तेव्हां लंडनभर गाजत होतें. नकार शहाणपणाचा होता. परंतु पुढच्याच वर्षीं पत्रव्यवहार तिनें आपण होऊन सुरू केला. इतक्या मोकळेपणानें आपले दोष सांगणाऱ्या माणसाचें अंतःकरण मुळांत चांगलेंच असलें पाहिजे, असें तिनें धरून चाललें. भूमितींत गृहीत धरलेलें पडताळून पाहावें लागतें. येथें तें राहून गेलें. बायरनलाहि लग्नानें आपण सावरूं अशी आशा होती, हें त्याच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. म्हणजे औषध आणि रोगी दोघेंहि एकाच भ्रमांत होतीं!

२ जानेवारी १८१५ रोजीं विवाह झाला. वर्षअखेर घरांत जप्तीचे बेलिफ, मद्य आणि एका नटीचें प्रकरण. डिसेंबरमध्यें कन्या एडा जन्मली, आणि १५ जानेवारी १८१६ ला तान्ह्या मुलीला घेऊन ॲनाबेला माहेरीं निघाली. जातांना तिनें पतीला प्रेमळ पत्रें लिहिलीं, कारण त्याला वेड लागलें आहे असा तिचा तर्क होता. वेड असतें तर परत जाऊन शुश्रूषा करण्याची तिची तयारी होती. तो शुद्धीवर आहे असें कळल्यावरच तिनें परतीची वाट बंद केली.

ही वाट बंद करणें सोपें नव्हतें. अपत्यावर कायद्यानें हक्क बापाचा, आणि पूर्ण घटस्फोटाला पार्लमेंटचा स्वतंत्र कायदा लागे. एप्रिलमध्यें विभक्ततेच्या करारावर सह्या होऊन बायरन देश सोडून गेला. मायलेकींना तो पुन्हां दिसला नाहीं.

इटलींत १८१९ पासून तेरेसा ग्विचोली या दुसऱ्याच्या पत्नीबरोबर तो बराच स्थिर राहिला. १८२१ मध्यें तिनें सांगितलें म्हणून त्यानें ‘डॉन जुआन’ हें आपलें काव्य कांहीं काळ थांबविलें. ॲनाबेलानें पुन्हां लग्न केलें नाहीं. एडाला मात्र तिनें लहानपणापासून गणित शिकविलें.