डाळिंब, पितळ आणि रबर

इतिहास म्हटला की आपल्याला लढाया आणि तह आठवतात. आज मात्र, वाचकहो, बायकांच्या एका मुक्या दुखण्याचा इतिहास पाहू. खोकला आला, हसू आलं किंवा भरली घागर उचलली, की नकळत लघवीचे चार थेंब निसटतात. 'बाळंतपणं झाली, आता चालायचंच' म्हणून बाई गप्प बसते.

हे होतं का? मूत्रमार्गाला खालून स्नायूंचा आधार असतो. बाळंतपणात ते ताणले जातात, आधार ढिला पडतो, आणि पोटावर दाब आला की वाट बंद राहत नाही. गर्भाशय खाली सरकणं, म्हणजे आपल्याकडचं 'अंग बाहेर येणं', हेही त्याच घरातलं दुखणं. जुन्या वैद्यांचं लक्ष आधी त्याकडे गेलं. त्यांचा उपाय साधा होता : आतून टेकू द्यावा.

प्राचीन ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या परंपरेतले वैद्य त्यासाठी अर्धं डाळिंब योनीत बसवीत. अशा टेकूला पुढे 'पेसरी' हे नाव रूढ झालं. ते ग्रीक 'पेसॉस', म्हणजे पटावरची सोंगटी, यावरून आलं. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या आंब्र्वाज पारेने पितळेच्या आणि मेण लावलेल्या बुचाच्या पेसऱ्या केल्या. १८४४ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला रबर टिकाऊ करण्याच्या कृतीचं पेटंट मिळालं. मग फिलाडेल्फियाच्या डॉ. ह्यू हॉज यांनी मागे कललेल्या गर्भाशयासाठी कडक रबराची वळणदार पेसरी घडवली. ही घडण पुढे लघवीच्या तक्रारीवरही उपयोगी पडली.

साहित्य बदललं, पण कल्पना टेकूचीच राहिली. १९४८ साली लॉस एंजेलिसच्या डॉ. आर्नल्ड केगल यांनी वेगळा विचार मांडला : मूळचा स्नायूच बळकट का करू नये? त्यांच्या उपकरणात योनीत बसणारा हवेचा छोटा कप्पा नळीने दाबमापकाला जोडलेला असे. स्नायू आवळला की काटा हले. न दिसणाऱ्या स्नायूची ताकद बाईला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येऊ लागली. तो व्यायाम आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

टेकूही गेला नाही. आजची सिलिकोनची पेसरी म्हणजे एक मऊ कडं. त्यावरची गाठ मूत्रमार्गाला खालून आधार देते. माप डॉक्टर ठरवतात. ती काढून, धुऊन पुन्हा बसवता येते.

शस्त्रक्रियेवाचूनचे हे उपाय आहेत, पण ते मिळायला आधी दुखणं बोलून दाखवावं लागतं. तेव्हा घरातली कुणी हसताना पदर तोंडाला लावून चटकन उठून गेली, तर 'वय झालं' म्हणू नका; तिला डॉक्टरकडे न्या.