दिनविशेष : १६ जुलै १०५४ – चर्च दुभंगले

कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफियात उपासनेची वेळ होत आली असताना पोपचे दूत कार्डिनल हम्बर्ट आत शिरले आणि पॅट्रिआर्क मायकेल सेरुलारियस यांच्यावरील बहिष्काराचे पत्र त्यांनी थेट वेदीवर ठेवले. पॅट्रिआर्कनीही दूतांना बहिष्कृत केले. पोपचा अधिकार किती, प्रभुभोजनाची भाकर खमिराची की बेखमीर, असे वाद आधीपासूनच धुमसत होते. १२०४ मध्ये पोपला मानणाऱ्या क्रुसेडरांनी कॉन्स्टँटिनोपल लुटले आणि मने पुरती दुरावली. तरीही पोपची रोमन कॅथलिक आणि पॅट्रिआर्कची ऑर्थोडॉक्स या दोन्ही परंपरा टिकल्या. ७ डिसेंबर १९६५ रोजी पोप पॉल सहावे आणि पॅट्रिआर्क अथेनागोरस यांनी हे बहिष्कार मागे घेतले. दोन्ही चर्च आजही वेगळीच आहेत; पण ९११ वर्षांनी का होईना, समेटासाठी पुढे आलेला हात मोलाचा.