स्तरित खडकांतील विषमदिक्ता आणि परावर्तनकाल

परावर्तित भूकंपीय तरंगांच्या प्रवासकालावरून भूस्तरांची खोली काढावयाची, तर तरंगाचा वेग ठाऊक असावा लागतो. हा वेग एकच राशी आहे, की दिशेगणिक भिन्न असणाऱ्या राशींना दिलेले ते एकच नाव आहे, या प्रश्नाचा उलगडा होण्यास जवळजवळ शतक लागले.

क्राको येथे १८९५ पासून भूभौतिकीचे अध्यासन भूषविणारे मौरित्सी रुड्झ्की यांनी विषमदिक् माध्यमातील तरंगप्रसाराचा गणिती विचार केला. पुढे मॅकॉलम व स्नेल यांनी १९३२ मध्ये शेल खडकात थरांना समांतर असणारा वेग लंब दिशेतील वेगाहून बराच अधिक असल्याचे दाखविले. तथापि तेलशोधनाच्या व्यवहारात समदिक्तेचे गृहीतक कायम राहिले. ते सोपे होते आणि बव्हंशी निभावतही होते.

या दृष्टीने १९५५ हे वर्ष लक्षणीय ठरते. ‘जिऑफिजिक्स’ या नियतकालिकाच्या त्या वर्षीच्या खंडात डिक्स यांनी पृष्ठभागावरील मोजणीवरून प्रत्येक थराचा वेग काढण्याची रीत मांडली. तिच्या मुळाशी समदिक् थरांचीच कल्पना होती. त्याच खंडात पोस्टमा यांनी असे सिद्ध केले की, दोन समदिक् पदार्थांचे पातळ थर आलटूनपालटून रचले असता दीर्घ तरंगांना तो संच एकजिनसी, पण विषमदिक् भासतो. बॅकस यांनी १९६२ मध्ये या निष्कर्षास व्यापक रूप दिले. विषमदिक्ता ही खनिजकणांच्या ठेवणीतूनच येते असे नाही, केवळ स्तररचनेतूनही ती उद्भवते, हे यावरून स्पष्ट झाले.

मग परावर्तनकालांवरून ती मोजावी कशी? थॉमसेन यांनी १९८६ मध्ये दुर्बल विषमदिक्तेसाठी जे प्रचल सुचविले, त्यांनी या प्रश्नाला नेमके रूप दिले. एप्सिलॉन हा आडव्या व उभ्या वेगांतील तफावत दाखवितो. डेल्टा मात्र उभ्या दिशेच्या आसपास वेग कसा बदलतो, हे सांगतो. आणि स्फोटबिंदू व ग्राहक यांतील अंतर अल्प असता परावर्तनकालांतून मिळणारा वेग डेल्टावरच अवलंबून असतो. डेल्टा ०.१ असल्यास हा वेग खऱ्या उभ्या वेगाहून सुमारे साडेनऊ टक्क्यांनी अधिक येतो. तोच उभा वेग मानून गणित केल्यास २,००० मीटर खोलीवरील थर सुमारे २,१९० मीटरांवर असल्याचे दिसेल. बानिक यांनी १९८४ मध्ये उत्तर समुद्राच्या खोऱ्यातील खोलीविषयक चुकांचा संबंध शेलच्या विषमदिक्तेशी जोडला होता, त्याचे मर्म यात आहे.

अंतर वाढविले की प्रवासकालाचा आलेख अपास्तापासून ढळू लागतो. या विचलनात आणखी माहिती दडलेली असते. अल्खलिफा व त्स्वान्किन यांनी १९९५ मध्ये असे दाखविले की, उभा सममिती-अक्ष असलेल्या माध्यमात अनुदैर्घ्य तरंगांच्या कालाधिष्ठित संस्करणास अल्पांतरावरील वेग आणि ईटा या दोनच राशी पुरेशा होतात. एप्सिलॉनमधून डेल्टा वजा करून त्या वजाबाकीस एक अधिक दोन डेल्टा या राशीने भागले असता ईटा मिळतो. थर आडवे असता या दोन्ही राशी पृष्ठभागावरील मोजणीवरून काढता येतात.

परंतु या यशातच त्याची मर्यादाही व्यक्त झाली आहे. अशा आडव्या थरांत या दोन राशींवरून उभा वेग निश्चित होत नाही. निरनिराळ्या खोलीच्या रचना तेच प्रवासकाल देऊ शकतात. सबब खोलीचा निर्णय करण्यास विहिरीतील प्रत्यक्ष मोजणीसारखा स्वतंत्र पुरावा लागतो. डिक्स यांच्या काळी ज्याला नुसते ‘वेग’ म्हणता येत असे, तेथे आज कोणता वेग, हे सांगितल्यावाचून विधान पुरे होत नाही.