कसब्यापासून मंडईपर्यंत

पुण्याचा इतिहास लिहावयास बसले की लेखणी आपोआप शनिवारवाड्याकडे वळते, आणि संपादकमंडळाची अपेक्षाही तीच असावी. तथापि गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आपल्या मंडळातील काही कुटुंबे मुलाबाळांसह कसब्यापासून मंडईपर्यंत पायी हिंडली. त्या फेरीत जे पाहावयास मिळाले, त्यापुढे वाड्याची कथा प्रस्तुत लेखकास थोडी अपुरी वाटली. म्हणून हा लेख त्याच वाटेने नेण्याचे योजिले आहे. सारे अंतर फार तर दोन किलोमीटरांचे असेल. ते तोडावयास आम्हांस तीन तास लागले.

आरंभ अर्थातच कसबा गणपतीपासून केला. 1630च्या सुमारास मुरार जगदेवाने पुणे जाळून उद्ध्वस्त केले व गावावर गाढवाचा नांगर फिरविला. त्या ओसाडीत जिजाबाईंनी पुन्हा वसाहत करविली आणि गणपतीचे देऊळ बांधविले. शिवरायांच्या हस्ते सोन्याचा नांगर फिरविल्याची आठवण परंपरा सांगते. जवळच लाल महाल आहे. 1663 साली शाएस्तेखानावर छापा पडला तो याच ठिकाणी. मात्र आज दिसणारी वास्तू मूळची नव्हे, ती महानगरपालिकेने विसाव्या शतकात उभारली, हे मुलांना स्पष्ट सांगितलेले बरे.

कसब्यातील गल्ल्यांत शिरले म्हणजे गावाची खरी वंशावळ वाचावयास मिळते. तांबट आळी, कुंभारवाडा, आणि थोडे पुढे रविवार पेठेत गेल्यास बुरूड आळी, बोहरी आळी. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांनी राजवाड्यापासून सामान्य घरापर्यंत सर्वांची भांडी घडविली. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीने एकसारखे ठोके देऊन जे मठारकाम करतात, त्याने भांड्यास झळाळी तर येतेच, शिवाय पत्रा कठीण होऊन टिकतो. पोलादी भांड्यांनी हा धंदा पुष्कळ आटविला. तरी तो ठोक्यांचा नाद काही घरांतून अद्याप ऐकू येतो. आमच्यातील वडीलधाऱ्यांना या नावांचा मोठा अभिमान वाटला, व तो योग्यच होता. कोणत्याही ज्ञातिसंस्थेस आपल्या माणसांच्या कष्टांनी रस्त्याला नाव पडावे याहून मोठा सन्मान कोणता?

शनिवारवाड्यात फार वेळ घालविला नाही. पाया 10 जानेवारी 1730 रोजी घातला, वास्तुशांत 22 जानेवारी 1732 रोजी झाली, आणि 1828च्या आगीत आतील इमारती गेल्या. तट, दरवाजे व जोती उरली. दिल्ली दरवाजाचे खिळे मुलांनी मोजावयास घेतले आणि अर्ध्यावर सोडून दिले.

वाड्यातील हजारी कारंज्याजवळ मात्र आम्ही रेंगाळलो, कारण येथून पाण्याची गोष्ट सुरू होते. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून भूमिगत नळाने शहरात पाणी आणविले. वाटेत हवा खेळती राहावी व साफसफाईसाठी आत उतरता यावे म्हणून ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले होते. पेठापेठांतील हौद त्याने भरत. 2024 साली याच पेठांच्या पोटातून भुयारी मेट्रो धावू लागली, तेव्हा या जुन्या नळाची आठवण अनेकांना झाली असेल. परंतु पाणी सर्व रस्त्यांखालून गेले तरी ते सर्वांच्या ओंजळीत गेले नाही. ज्या गावाने प्रत्येक कसबाला आळी दिली, त्याच गावाने काही माणसांना हौदावर हात घालू दिला नाही. आळ्यांच्या नावांचा अभिमान सांगताना ही दुसरी बाजू आपण सहसा सांगत नाही.

फरासखान्याजवळील बाहुलीचा हौद म्हणूनच आवर्जून पाहावा. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी अकाली गेलेल्या आपल्या मुलीच्या स्मरणार्थ तो बांधविला आणि अस्पृश्यांसह सर्वांस खुला ठेवला. त्याआधी, 1868 साली, जोतीराव फुले यांनी गंज पेठेतील आपल्या घरचा हौद असाच मोकळा केला होता. त्यांच्या ज्ञातीतील मंडळींनाही ते रुचले नसावे, असे वाटते. आमच्यातील एका लहान मुलीने विचारले, ‘‘बाहुली म्हणजे खेळण्यातली का?’’ नाही, तिचे नाव काशीबाई होते, असे सांगितल्यावर ती हौदाकडे बराच वेळ पाहत राहिली.

पुढे भिडेवाड्याची जागा. 1848 साली जोतीराव व सावित्रीबाई यांनी मुलींची शाळा उघडली ती येथे. वाडा जीर्ण होऊन वर्षानुवर्षे वादात अडकला व डिसेंबर 2023 मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आला. दाखवावयास भिंत नव्हती. आमच्यातील एक आजी मात्र तेथून लवकर हलेनात. आपण चौथीपर्यंतच शिकलो, एवढेच त्या म्हणाल्या.

बेलबाग व तुळशीबाग या देवळांपाशी बायकांची पावले साहजिकच बाजाराकडे वळली, त्यामुळे तुळशीबागेच्या रामाचे दर्शन घाईतच झाले. मंडईत पोहोचलो तेव्हा ऊन चढले होते. ही दगडी इमारत 1886 साली रे मार्केट या नावाने उघडली. नगरपालिकेचा एवढा पैसा बाजाराच्या इमारतीवर घालण्याऐवजी शिक्षणाकडे वळवावा, असे म्हणून ज्यांनी तिला विरोध केला होता, ते जोतीरावच. आज तिला त्यांचेच नाव आहे. हे ऐकून मुले हसली, मोठी माणसे गप्प राहिली, आणि आम्ही सगळे बाहेरच्या गुऱ्हाळात उसाचा रस प्यावयास गेलो.