सुईची भीती
सुईची भीती म्हणजे इंजेक्शन घेताना किंवा रक्त काढताना वाटणारे तीव्र भय. इतर भयांत रक्तदाब वाढतो. येथे तो आधी वाढून मग एकाएकी घटतो व अनेकांना भोवळ येते. म्हणून ‘अंग सैल सोडा’ हा नेहमीचा सल्ला अशांना उलट बाधू शकतो. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांच्या पद्धतीत हात, पाय व धडाचे स्नायू १०–१५ सेकंद, चेहरा उबदार वाटेपर्यंत, ताणून धरतात. लस टोचायचा दंड तेवढा सैल ठेवावा. आडवे पडून लस घेणेही हितकर.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० साली स्वाइन फ्लूची नाकात फवारण्याची लस आणली. ती जिवंत, क्षीण केलेल्या विषाणूंची असल्याने गर्भवतींना देत नाहीत. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये गर्भवतींसाठी मोफत केलेली फ्लूची लस सुईनेच घ्यावी लागते.