कृष्णाकाठ आणि हायडेलबर्गचा तलाव

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय पथकात कराडला लागून असलेल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव होते. कुस्तीत त्यांनी ब्राँझपदक मिळवले आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक सातारा जिल्ह्याच्या नावावर लागले. त्याच पथकात दोन मुली पोहण्यासाठी गेल्या होत्या. डॉली नाझीर मुंबईची, आरती साहा कलकत्त्याची. आरतीचे वय तेव्हा अवघे अकरा. कृष्णा आणि कोयना जिथे समोरासमोर येऊन मिळतात त्या कराडच्या परिसरातून पैलवान जावा आणि पोहणाऱ्या मुली मात्र मुंबई-कलकत्त्यातून याव्यात, ही गोष्ट सहज नजरेआड होते. पण महाबळेश्वरपासून वाई, माहुली, कराड, औदुंबर, सांगली असा नदीचा अखंड काठ ज्या मुलखाला लाभला, तिथून जलतरणाच्या आंतरराष्ट्रीय पाण्यात कोणीच का उतरले नाही, असा प्रश्न एकदा विचारला की सुटत नाही. पुढे वीस वर्षांनी पोहण्यातले सुवर्णपदक याच भागात आले, पण ते नदीने दिले नाही. माझे म्हणणे असे की पोहता येणे आणि पोहण्याची स्पर्धा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कृष्णाकाठी मुबलक होती. दुसरीसाठी लागणारे मोजलेले पाणी, घड्याळ, नियम आणि पाठीशी उभी राहणारी संस्था इथे कधी उभी राहिली नाही.

पोहणे मुबलक होते हे आधी मान्य करायला हवे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत पोहणे शिकण्याची जागा म्हणजे नदीचा डोह किंवा मळ्यातली विहीर. पाठीला वाळका भोपळा, पांगाऱ्याचे हलके लाकूड किंवा बूच लावलेला पत्र्याचा डबा बांधायचा आणि थोरल्या माणसाने पोराला पाण्यात ढकलायचे, हीच शिकवणी. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर पाहिली तर पाण्याच्या या संस्कृतीचा आवाका कळतो. अठराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतलेली ही विहीर सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट रुंद आहे. पण तिच्या नावातच तिचे प्रयोजन आहे: बारा मोटा चालाव्यात आणि बागायत भिजावी. विहिरी शेतीसाठी होत्या, घाट स्नानासाठी, डोह गुरांसाठी. पोहणे त्या पाण्यावर आयते वाढले. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ साली झाला आणि पुढच्या पिढ्यांना पुराच्या पाण्यात उडी टाकायला आणखी एक जागा मिळाली. धाडसाची वाण या भागात कधीच नव्हती.

पण ते धाडस कशाला दाद देत होते, हेही पाहिले पाहिजे. विहिरीवरची मानाची उडी म्हणजे मुटका. गुडघे छातीशी आवळून, अंगाचा गोळा करून, पाठीवर किंवा कुल्ल्यावर असे पडायचे की पाणी काठापर्यंत उसळले पाहिजे आणि काठावर बसलेले चिंब झाले पाहिजेत. जितके पाणी उडेल तितकी उडी मोठी. ऑलिंपिकमधली सूर मारण्याची स्पर्धा याच्या नेमकी उलट आहे. तिथे शरीर ताणलेले, बोटे जुळलेली, आणि पाण्यात शिरताना जितके थेंब कमी उडतील तितके गुण अधिक. मुटका मारणाऱ्याचे धैर्य, शरीराचा अंदाज आणि पाण्याची ओळख कुठेच कमी नव्हती. फक्त ज्या तराजूत ते तोलले जात होते तो तराजू जगाचा नव्हता. पोहण्याचेही तसेच. नदीत पैलतीर गाठणारा प्रवाहाला तिरपे छेदून जातो, दम राखतो, भोवरा टाळतो. शंभर मीटर सरळ रेषेत, भिंतीला हात लावून वळून, सेकंदाच्या अंशांशी झगडत पोहण्याची गरज त्याला कधीच पडत नाही.

इथे एक रास्त आक्षेप येतो. ऑलिंपिकची सुरुवातच तर खुल्या पाण्यात झाली. १८९६ साली अथेन्सला तलाव नव्हता. झेआच्या उपसागरात बोटीतून उड्या टाकून शर्यती झाल्या. हंगेरीचा आल्फ्रेड हायोश थंडीपासून बचावासाठी अंगाला चरबी फासून लाटांमधून पोहला आणि १०० व १२०० मीटर या दोन्ही शर्यती जिंकला. त्याचे वडील डॅन्यूब नदीत बुडून गेले होते आणि म्हणूनच त्याने पोहणे मनावर घेतले होते. १९०० साली पॅरिसला सेन नदीत शर्यती झाल्या. मग सेन चालते तर कृष्णा का चालू नये? याचे उत्तर त्या शर्यतींच्या पुढच्या इतिहासात आहे. सेनमध्ये पोहणारे प्रवाहाच्या दिशेने पोहले, त्यामुळे ऑस्ट्रेलियाच्या फ्रेडरिक लेनची २०० मीटरची वेळ २ मिनिटे २५.२ सेकंद अशी विलक्षण लागली. आता यातले माणसाचे किती आणि नदीचे किती, हे कोण सांगणार? दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या वर्षीच्या वेळेशी ती ताडून पाहता येईना. १९०४ साली सेंट लुईसला कृत्रिम तळे वापरले आणि सूर मारण्याची स्पर्धा प्रथमच आली. १९०८ साली लंडनला मुख्य मैदानातच शंभर मीटर लांबीचा तलाव बांधला गेला, आणि त्याच वेळी, त्याच शहरात, जलतरणाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९१२ साली स्टॉकहोमला स्त्रियांच्या शर्यती सुरू झाल्या. १९२४ साली पॅरिसला पन्नास मीटरचा, रांगा आखलेला तलाव आला. अवघ्या अठ्ठावीस वर्षांत या खेळाने नदी आणि समुद्र सोडून दिले. खुल्या पाण्याचे दार थोडा काळ उघडे होते हे खरे, पण ते बंद होत असताना कृष्णाकाठच्या कोणाला त्याची वार्ताही नव्हती.

वार्ता पोचण्याची एक वाट होती, आणि ती आपल्या अगदी जवळून गेली. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला दोराबजी टाटांच्या पुढाकाराने सहा जणांचे पथक गेले. त्यांपैकी चौघे धावपटू, दोघे पैलवान. धावपटूंत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते, पैलवानांत नवले आणि शिंदे. पोहणारा एकही नाही. टाटांची नजर पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी शर्यतींवर पडली होती. जिथे शर्यत लागत होती तिथलीच माणसे त्यांना दिसणार. धावण्याची शर्यत रस्त्यावर लागायची, कुस्तीचे मैदान जत्रेत भरायचे. नदीत मात्र कोणी कोणाची वेळ घेत नव्हते.

कुस्तीशी तुलना केली की मुद्दा नीट उलगडतो. या भागातला पैलवान एकटा नसे. त्याच्यामागे गावची तालीम, वस्ताद, खुराक, जत्रेतला इनाम, आणि वर कोल्हापूरसारख्या संस्थानाचा आश्रय असे. शाहू महाराजांचे खासबाग मैदान १९१२ सालचे. खाशाबा १९४८ साली लंडनला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. तिथे त्यांची गाठ प्रथमच मातीऐवजी मॅटशी आणि आंतरराष्ट्रीय नियमांशी पडली, आणि तरीही ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, लोकांनी वर्गणी काढली. मातीवरून मॅटवर जाणे हीसुद्धा अवघड उडीच होती. पण ती घेणाऱ्याला मागून रेटणारे हात होते. नदीतून तलावात उतरू पाहणाऱ्या पोराला कोणता वस्ताद, कोणती जत्रा, कोणता इनाम होता? कलकत्त्यात परिस्थिती वेगळी होती. तिथे शहराच्या मध्यावर बांधीव तळी होती आणि त्या तळ्यांवर जलतरणाचे क्लब होते. १९५१ च्या दिल्लीतल्या पहिल्या आशियाई खेळांत १०० मीटर जिंकणारे सचिन नाग आणि त्यांच्या शिकवणीत वाढलेली आरती साहा हे त्याच क्लबांचे पीक.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. नदीचे आणि विहिरीचे पाणी सर्वांना खुले होते, हे आपण गृहीत धरतो. ते तसे नव्हते. पाणवठे जातीने वाटलेले होते. ज्या साताऱ्यात डॉ. आंबेडकरांचे बालपणीचे शालेय शिक्षण झाले त्या मुलखात गावविहिरीला हात लावण्याचीच ज्यांना बंदी, त्यांच्या पोरांनी तिथे मुटका कुठून मारावा? बाया घाटावर अंघोळीला, धुण्याला येत, पण खुल्यावर पोहणे त्यांच्या वाट्याला फारसे नव्हते. म्हणजे ज्या मुबलकतेबद्दल आपण बोलतो तीही निम्म्याहून कमी लोकांची. सार्वजनिक तलाव, नोंदणी आणि नियम यांना महत्त्व येते ते याही कारणाने.

आता सुरुवातीला सांगितलेल्या सुवर्णपदकाचे मानकरी, मुरलीकांत पेटकर. त्यांचा जन्म १९४४ चा, पेठ-इस्लामपूरचा. वाळवा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. म्हणजे जाधव आणि पेटकर जन्माने एकाच जिल्ह्याचे. पेटकर सैन्यात गेले, ईएमई या सैन्याच्या यंत्रदुरुस्ती शाखेत कारागीर-जवान झाले, आणि तिथे मुष्टियोद्धा म्हणून नाव काढले. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांना अनेक गोळ्या लागल्या, एक मणक्यात रुतून बसली, आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. मुंबईच्या अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात उपचारांचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवले गेले. १९६८ साली तेल अविवच्या पॅरालिंपिक खेळांत ते टेबल टेनिस खेळले. १९७० साली एडिंबरोला राष्ट्रकुलातल्या पक्षाघातग्रस्तांच्या खेळांत त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्ण घेतले, आणि ऑगस्ट १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये तेच अंतर ३७.३३ सेकंदांत, जागतिक विक्रमासह. ऑलिंपिक किंवा पॅरालिंपिकमधले भारताचे ते पहिले वैयक्तिक सुवर्ण. त्या वेळेचा अर्थ समजायला पाण्यातले शरीर डोळ्यांसमोर आणावे लागते. पाय हलत नाहीत, म्हणजे पायांचा रेटा नाही. उलट ते खाली बुडतात आणि मागे ओढतात. सगळा भार खांद्यांवर. छाती वर राखायची, कंबर बुडू द्यायची नाही, आणि हाताच्या प्रत्येक फटक्याने स्वतःचे निम्मे शरीर ओढून न्यायचे. मुष्टियुद्धाने घडलेले खांदे इथे कामी आले असणार.

यावर कोणी म्हणेल, ते खेळ म्हणजे इस्पितळातल्या रुग्णांचे खेळ, ऑलिंपिकच्या पंगतीला ते कसे बसवता? १९४८ साली लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी डॉ. लुडविग गुटमन यांनी स्टोक मँडव्हिल रुग्णालयाच्या आवारात चाकाच्या खुर्चीवरच्या १६ जणांची तिरंदाजी स्पर्धा घेतली, तिथून हे खेळ सुरू झाले हे खरे. पण आरंभीच्या ऑलिंपिकला तरी कोणते वैभव होते? अथेन्सला १८९६ साली एक शर्यत फक्त ग्रीक नौदलाच्या खलाशांसाठी होती, आणि तिच्यात उतरले तिघे. ५०० मीटरलाही तिघेच. तिथल्या विजेत्यांना आपण इतिहासात मानाने जागा देतो. हायडेलबर्गला चाळीसहून अधिक देशांचे खेळाडू होते, मणक्याची इजा कुठे आणि किती यावरून गट पाडलेले होते, बांधीव तलाव होता, घड्याळ होते. खेळ म्हणून ते अथेन्सपेक्षा अधिक परिपक्व होते. शिवाय १९७२ चे हे खेळ म्युनिकला व्हायचे ते तिथली क्रीडानगरी उपलब्ध झाली नाही म्हणून हायडेलबर्गला गेले. कमीपणा असेल तर तो यजमानांच्या आस्थेत शोधावा.

दुसरा आक्षेप अधिक जवळचा आहे. पेटकर वाळव्याचे, कृष्णा-वारणेच्या दुआबातले. पाण्याची भीती लहानपणीच गेली असेल तर नदीचे श्रेय का नाकारायचे? नाकारत नाही. पण कारण आणि पार्श्वभूमी यांत फरक करायला हवा. तीच पार्श्वभूमी असलेली शेकडो पोरे वाळव्यात, कराडात, सांगलीत होती. पेटकरांच्या बाबतीत जे निराळे घडले ते सैन्यातली शारीरिक तालीम, रुग्णालयातला तलाव, उपचार करणाऱ्यांची दृष्टी, आणि परदेशी जाण्यासाठी मदतीला आलेले क्रिकेटपटू विजय मर्चंट यांची संस्था. त्यांच्या जिद्दीला हे म्हणणे तसूभरही कमी लेखत नाही. मरणाच्या दारातून परतलेल्या माणसाने हे केले, याबद्दलचा आदर शब्दांत मावणारा नाही. मात्र सगळे यश जिद्दीच्या खात्यावर टाकले की आपली सुटका फार स्वस्तात होते. मग तलाव का नव्हते, गुरू का नव्हते, हे कोणी विचारत नाही.

आणि पदक आले तरी हिशेब लवकर मिटला असेही नाही. खाशाबा जाधव १९८४ साली अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ साली, हायडेलबर्गनंतर सेहेचाळीस वर्षांनी. अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती.